मराठवाड्याच्या ढगांमागे धावलेली विमानं

औरंगाबादचा चिकलठाणा विमानतळ जालना रोडला लागूनच आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये या धावपट्टीवरून एक छोटं विमान उडायचं आणि पूर्वेला वळलं की काही मिनिटांत बदनापूर ओलांडून जालना जिल्ह्याच्या आकाशात शिरायचं. त्याच्या पंखांच्या मागच्या कडेला नळकांड्यांच्या रांगा बसवलेल्या असत. खाली कपाशी आणि सोयाबीन माना टाकून उभी होती. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. राज्य सरकारने सुमारे २७ कोटी रुपये खर्चून कृत्रिम पावसाचा प्रयोग हाती घेतला होता. विमानात दोन टर्बोप्रॉप इंजिनं होती. रडारवर चांगला ढग दिसला की ते त्याच्याकडे झेपावायचं, नळकांड्या पेटवायचं आणि परतायचं. संध्याकाळी कुठल्या तालुक्यात किती मिलिमीटर पडला याच्या बातम्या यायच्या.

महाराष्ट्राच्या आकाशात ढगांच्या मागे धावणारं हे पहिलं विमान नव्हतं. या उद्योगाचा इतिहास जवळपास ऐंशी वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात एका एकइंजिनी, पिस्टनवर चालणाऱ्या साध्या विमानापासून होते. त्या विमानाला किती उंच जाता येतं, या एका प्रश्नाभोवती पुढचं बरंच काही फिरतं.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची स्कनेक्टडी गावात प्रयोगशाळा होती. तिथे नोबेलविजेते आयर्विंग लँगम्यूर यांच्या हाताखाली व्हिन्सेंट शेफर नावाचा, कॉलेजची पदवी नसलेला पण हातात विलक्षण कसब असलेला माणूस काम करत होता. १९४६ च्या उन्हाळ्यात त्याने फ्रीझरच्या पेटीत आपल्या श्वासाचा ढग केला आणि त्यात कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुकडा टाकला. क्षणात पेटीभर हिमकण चमकू लागले. शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेलं पाणी एका धक्क्याने गोठलं होतं. हाच धक्का खऱ्या ढगाला द्यायचा, तर ढगापर्यंत पोचणं भाग होतं. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी कर्टिस टॅलबॉट हा वैमानिक शेफरला एका छोट्या एकइंजिनी विमानातून मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकच्या दिशेने घेऊन गेला. सुमारे १४,००० फुटांवर शेफरने ढगात काही पौंड कोरडा बर्फ सोडला. ढगाच्या पोटातून हिम कोसळू लागलं. जमिनीवर पोचायच्या आधीच ते विरलं, पण ढगात हस्तक्षेप करता येतो हे सिद्ध झालं. त्याच महिन्यात त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचे कण हेच काम करतात हे शोधून काढलं. त्यांच्या स्फटिकांची ठेवण बर्फाच्या स्फटिकांशी जवळपास जुळते, म्हणून त्यांच्याभोवती पाणी गोठतं. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले कर्ट व्हॉनेगट हे या बर्नार्डचे धाकटे भाऊ.

शेफरचं विमान मॅसॅच्युसेट्समध्ये, नोव्हेंबरात उडालं होतं. तिथे त्या ऋतूत १४,००० फुटांवर तापमान शून्याच्या वीसेक अंश खाली असतं. तेच विमान ऑगस्टमध्ये अंबड किंवा परतूरवर नेलं असतं, तर १४,००० फुटांवर ढगातलं पाणी अजून शून्याच्या वरच मिळालं असतं. पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर गोठणबिंदूची पातळी सुमारे पाच-साडेपाच किलोमीटरवर, म्हणजे १७,००० ते १८,००० फुटांच्या आसपास असते. सिल्व्हर आयोडाइड कामी यायला त्याच्याही वर, उणे पाच-दहा अंशांच्या थरात शिरावं लागतं. अशा उंचीवर साध्या पिस्टन इंजिनाला धाप लागते.

हवा वर विरळ होत जाते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये निम्मी हवा, म्हणजे जाळायला निम्मंच इंधन. समुद्रसपाटीला ३०० अश्वशक्ती देणारं इंजिन तिथे निम्म्याच्या आसपास येऊन थांबतं, आणि विमानाचं वजन मात्र तेवढंच राहतं. यावर उपाय शोधणारा माणूसही गंमत म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचाच होता. सॅनफर्ड मॉस. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या जळक्या वायूने एक टर्बाइन फिरवायचं, त्याच दांड्यावर हवा दाबणारा पंखा बसवायचा आणि विरळ हवा दाबून इंजिनाला पाजायची, अशी ही टर्बोचार्जरची कल्पना. मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, विमानासाठी ती वापरून पाहण्याची पहिली धडपड फ्रान्सच्या ऑगस्त रातो यांची. मॉसने १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६ झालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं याच यंत्राच्या जोरावर उंचावर लढली. ढगात बीज पेरण्याची युक्ती आणि त्या ढगापर्यंत साध्या विमानाला पोचवणारं यंत्र, दोन्ही एकाच कंपनीतून निघाली, हा योगायोग फारसा कोणी लक्षात घेत नाही.

युद्धानंतर हा टर्बोचार्जर छोट्या विमानांत उतरला. सेसना कंपनीचं २०६ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. सहा आसनं, वर पंख, आखूड आणि कच्च्या धावपट्टीवरून उठण्याची ताकद, आसनं काढली की सामान भरता येईल असं पोट. छोट्या हत्ती टेम्पोचं काम आकाशात करणारं हे विमान १९६० च्या दशकात आलं. पुढे टर्बोवाला प्रकार निघाला आणि तो डोंगरी मुलखात मिशनरी, डॉक्टर, सर्वेक्षण करणारे अशा सगळ्यांचा लाडका झाला. दोन्हींतला फरक आकड्यांत पाहिला की मराठवाड्याचा प्रश्न लगेच कळतो. टर्बो नसलेलं २०६ एच सुमारे १५,७०० फुटांवर थकतं. टर्बोवालं टी २०६ एच सुमारे २६,००० फुटांपर्यंत जातं. जालन्यावरची गोठणपातळी बरोबर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. एका विमानाला ढगाचा फक्त खालचा भाग मिळतो, दुसऱ्याला माथा. अर्थात केबिनमध्ये दाब नसल्याने तिथे वैमानिकाला नाकाला ऑक्सिजन लावून बसावं लागतं, आणि ढगातलं अतिशीत पाणी पंखांवर गोठू लागलं तर टर्बोचार्जर काही वाचवत नाही.

भारतात ढगांशी खेळ सुरू झाला तो मात्र जमिनीवरून. १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरच्या भट्ट्यांतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर वाऱ्यावर सोडून पाहिला. जलविद्युत प्रकल्पांच्या तलावांत जास्त पाणी यावं हा हेतू साहजिक होता. पुढच्याच वर्षी, हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक राहिलेले एस. के. बॅनर्जी यांनी कलकत्त्यात हायड्रोजनच्या फुग्यांनी मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड वर नेलं. १९५७ ते १९६६ या काळात दिल्ली, आग्रा आणि जयपूर इथे मिठाची भुकटी जमिनीवरून हवेत उडवण्याचे प्रयोग झाले आणि पाऊस सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. मीठच का? कारण मोसमी पावसाचे आपले बरेचसे ढग उबदार असतात, त्यांचा माथा गोठणपातळीच्या वर जातच नाही. अशा ढगात थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात. मिठाचा कण ओलावा ओढून घेतो, त्याचा थेंब लवकर फुगतो आणि खाली येताना शेजारच्यांना गिळत जातो. त्यामुळे दख्खनच्या बहुतेक ढगांना गोठवण्याची गरजच नसते, खालून मीठ पेरलं तरी चालतं. विमानाने पाच-सहा हजार फुटांवर, ढगाच्या तळाशी राहिलं की पुरे.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या कायमचा ध्यानात आहे. त्या दुष्काळाच्या पुढच्याच पावसाळ्यात, १९७३ मध्ये, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बारामती, नगर, पुणे या पर्जन्यछायेच्या पट्ट्यावर विमानातून मीठ पेरायला सुरुवात केली. विमान होतं डाकोटा, महायुद्धातून उरलेलं, दोन पिस्टन इंजिनांचं, तेव्हा आपल्याकडे सर्वत्र दिसणारं. मिठाच्या भुकटीत शंखजिरं मिसळलेलं, म्हणजे दमट हवेत तिचे गोळे होऊ नयेत. विमान ढगाच्या तळापासून दोन-तीनशे मीटर वर शिरायचं आणि ही भुकटी सोडत जायचं.

या प्रयोगाची रचना पाहिली की आजही आदर वाटतो. सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचे तीन पट्टे आखले. मधला पट्टा मोकळा, दोन्ही बाजूंना लक्ष्य. ज्या दिवशी ढग लायक असतील त्या दिवशी उत्तरेच्या पट्ट्यात पेरायचं की दक्षिणेच्या, हे आधीच काढलेल्या चिठ्ठीने ठरायचं. वैज्ञानिकाच्या मनात कोणता पट्टा ‘आज पडेल’ असं आहे, याला काही किंमत नव्हती. ज्या पट्ट्यात पेरलं नाही, तोच दुसऱ्याचा साक्षीदार. पाऊस जमिनीवरच्या पर्जन्यमापकांतून मोजला जायचा. हे १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ असं अकरा पावसाळे चाललं. अकरा! सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणीचे तालुके जोडून जालना हा नवा जिल्हाही जन्माला आला. डाकोटा मात्र दर पावसाळ्यात मीठ घेऊन उडत राहिली.

निष्कर्ष निघाला की पाऊस सरासरी २४ टक्क्यांनी वाढला. केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता चार टक्के होती. वाईट आकडा नव्हता. पण त्या अहवालांतली दुसरी नोंद मला जास्त मोलाची वाटते. जाडीला एक किलोमीटरहून जास्त असलेल्या आणि पुरेसं पाणी बाळगणाऱ्या ढगांत मिठाने पाऊस वाढला. पातळ, कोरड्या ढगांत पेरल्यावर मात्र ते विरून जाण्याची शक्यता दिसली. मराठवाड्यात, सोलापुराकडे, सांगलीकडे गावागावांत एक कुजबुज वर्षानुवर्षे चालते, की विमान आलं की ढग पळून जातात. ती तशीच्या तशी खरी मानायचं कारण नाही. आकाशातून गेलेलं प्रत्येक विमान ढगावर उठलेलं नसतं. तरी, नको त्या ढगात पेरलं तर पाऊस कमीही होऊ शकतो, एवढी कबुली विज्ञानाने चाळीस वर्षांपूर्वी कागदावर दिलेली आहे, आणि दुष्काळात विमान मागवणाऱ्या कुणीही ती वाचल्याचं जाणवत नाही.

नंतरचा काळ झटपट सांगता येतो. १९८६ नंतर बारामतीचं आकाश शांत झालं. २००३ मध्ये पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा सलग कोरडे पडल्यावर सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना ‘वर्षा’ नावाने प्रयोग झाला. अमेरिकन कंपनी, परदेशी विमान, रडार, नळकांड्या, सगळं आलं. कर्नाटकातही त्याच सुमारास ‘वरुण’ नावाने तेच चाललं होतं. मिठाच्या पोत्यांची जागा पंखांवरच्या नळकांड्यांनी घेतली होती. या नळकांड्या तळाशी पेटवल्या की त्यांच्या धुरात क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात, ढगात वर चढणारी हवा ते आत ओढून नेते. दुसऱ्या जातीच्या नळकांड्या ढगाच्या माथ्यावरून खाली टाकायच्या, त्यांत सिल्व्हर आयोडाइड. माथ्याचं काम करायचं तर विमान वीस हजार फुटांच्या वर गेलं पाहिजे. आता हे काम दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानाकडे गेलं होतं.

टर्बोचार्जरवालं एकइंजिनी पिस्टन विमान निम्म्याहून कमी खर्चात त्याच उंचीवर पोचत असताना ते का नको? काही कारणं उघड आहेत. गडगडाटी ढगाजवळ दुसरं इंजिन असणं म्हणजे परतीची हमी. टर्बोप्रॉपच्या केबिनमध्ये दाब असतो, पंखांवरचा बर्फ फोडायची सोय असते. एक कारण मात्र फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे इंधन. पिस्टन इंजिनाला शिसं घातलेलं एव्हगॅस लागतं. टर्बोप्रॉप प्रवासी विमानांचंच रॉकेलसदृश इंधन पितं, जे चिकलठाण्याला रोज मिळतं. एव्हगॅस मात्र भारतात २०२२ पर्यंत बाहेरून आणावं लागे. त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली. तोवर पिस्टन विमानाचा तळ मराठवाड्यात मांडणं म्हणजे आधी पिंपांत भरून इंधन आणणं.

आता जालना. या जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगांच्या पायथ्याशी भोकरदन, जाफराबाद. दक्षिणेला गोदाकाठचे अंबड, घनसावंगी, परतूर. मधून पूर्णा आणि दुधना. सातशे मिलिमीटर वाळवंटाचा आकडा नव्हे. पण तो चार-पाच मोठ्या सरींत येतो आणि दोन सरींच्या मध्ये वीस-पंचवीस दिवस कोरडे जातात. २०१२ मध्ये त्या सरीही आल्या नाहीत. २०१३ चा उन्हाळा जालन्याने कसा काढला हे तिथल्या माणसांना विचारावं. शहरात नळाला पाणी आठवड्यांच्या अंतराने यायचं. जिल्ह्यात शेकडो टँकर धावत होते. लोखंडाच्या गिरण्या आणि बियाण्यांच्या कंपन्यांनी श्रीमंत झालेल्या या शहराने निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचा तळ पाहिला, आणि नागरिकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. मोसंबीच्या बागा, जालन्याची ओळख, उभ्या वाळल्या. शेतकऱ्यांनी कुऱ्हाडी घालून खोडं काढली. जायकवाडीहून पाणी आणणारी जलवाहिनी २०१३ मध्ये शहरापर्यंत पोचली तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंची गावात मात्र शेततळी भरलेली होती आणि द्राक्षाच्या बागा हिरव्या होत्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, १९९० च्या दशकात गावाचा पाणलोट माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधून काढला होता. हे गाव कृत्रिम पावसाच्या इतिहासात येत नाही. पण आकाशाकडे बघणाऱ्या जिल्ह्यात जमिनीवर काय करता येतं याचा तो दाखला असल्याने इथे ठेवला.

२०१४ कोरडं, २०१५ही कोरडंच. सुरुवातीला सांगितलेलं विमान याच वर्षाचं. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते, महसूल खातं एकनाथ खडसे यांच्याकडे होतं. उड्डाणं ऑगस्टमध्ये सुरू झाली. जून गेला, जुलै गेला, दुबार पेरणी वाया गेली आणि मग विमान आलं. ढगात बीज टाकून पाऊस वाढतो तो ढग असेल तर. ढग नसलेल्या आकाशात २७ कोटी रुपये पेरले तरी उगवत नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, यावरून त्या पावसाळ्याचा निकाल समजावा.

२०१९ ची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मे महिन्यात मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले. औरंगाबादच्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर रडार बसलं. विमानाचं उड्डाण झालं ते ऑगस्टमध्ये. त्याच आठवड्यात सांगली आणि कोल्हापूर पुरात बुडालेले होते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी लोक छतांवर बसलेले आणि मराठवाड्यात विमान ढगांच्या शोधात. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत गेलेले दोन महिने हेच मोसमी ढगांचे सर्वांत कामाचे दिवस. करार, परवाने, सीमाशुल्क, विमानाचा प्रवास ही कारणं दर वेळी तीच असतात. दुष्काळ जाहीर झाला की विमान मागवायचं, ही पद्धतच उफराटी आहे. ढगांचं विमान दुष्काळ पडायच्या आधी, चांगल्या वर्षी, जूनमध्ये धावपट्टीवर उभं पाहिजे.

त्याहून मोठी उणीव मोजणीची. विमान गेलं आणि पाऊस पडला, यात विमानाचा वाटा किती? तोच ढग आपण होऊन पडला असता का? बारामतीच्या प्रयोगात याचं उत्तर देण्यासाठी दुसरा पट्टा मुद्दाम सोडला होता. दुष्काळनिवारणाच्या उड्डाणात ढग सोडून देणं राजकीयदृष्ट्या अशक्य असतं. ‘हा ढग घनसावंगीवर होता, पण चिठ्ठीत नाही निघाला म्हणून आम्ही पेरला नाही’ असं कोणता मंत्री शेतकऱ्याला सांगेल? म्हणून सरकारी उड्डाणांतून बातम्या निघतात, ज्ञान निघत नाही.

ज्ञान निघालं ते त्याच वर्षांत, दक्षिणेला, सोलापुरात. पुण्याच्या त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला तळ ठोकला. एक विमान पेरायला, दुसरं मोजायला. कोणत्या ढगात पेरायचं आणि कोणता नुसता पाहायचा, हे पुन्हा चिठ्ठीनेच ठरायचं. एकूण २७६ ढग तपासले. नळकांड्या कॅल्शियम क्लोराइडच्या, ढगाच्या तळाशी पेटवलेल्या. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला, पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के. या पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे पडला.

लिटरला १८ पैसे म्हणजे बारा हजार लिटरचा टँकर २,१६० रुपयांत. ऐकायला स्वस्त. पण एक ढोबळ हिशोब करून पाहू. याच दराने ३० कोटी रुपयांत सुमारे १६७ कोटी लिटर पाणी येईल. ते सगळं एकट्या जालना जिल्ह्यावर सारखं पसरलं, तर जमिनीवर मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचा थर होईल. टीएमसीच्या भाषेत ०.०६. जायकवाडीची क्षमता शंभर टीएमसीच्या वर आहे. सोलापूरचा दर दुसरीकडे तसाच लागू होईल असं नाही, ढग चांगले मिळाले तर तो उतरेल, वाईट मिळाले तर चढेल. शिवाय हे पाणी टँकरसारखं दारात येत नाही, वारा नेईल तिथे पडतं. तरी या आकड्यावरून अपेक्षेचं माप ठरवता येतं. धरण भरण्यासाठी विमान नाही. दोन सरींच्या मधल्या पंचवीस दिवसांत एखादी सर वाढवून उभं पीक तगवणं, इतकंच त्याच्या आवाक्यात आहे. कोरडवाहू सोयाबीनला मात्र तीच एक सर पीक आणि पाला यांतला फरक असू शकते, म्हणून ही विद्या टाकून देण्याचीही नाही.

एकइंजिनी पिस्टन विमान या कामातून बाद झालं असं वाटत असतानाच ते परत आलं. आयआयटी कानपूरने आपलं सेसना २०६ विमान पेरणीसाठी तयार केलं आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ते दिल्लीवर उडालं. हेतू पिकाचा नव्हता, धुरकट हवा पावसाने धुण्याचा होता. ढगांत ओलावा १५ ते २० टक्केच असल्याचं संस्थेने नंतर सांगितलं. पाऊस जवळपास पडलाच नाही. विमान बिचारं ठीक होतं. पावसाळा उलटून गेल्यावर, कोरड्या ढगात त्याला पाठवलं, ही चूक औरंगाबादच्या अनुभवाची नक्कलच होती.

तरीही त्या उड्डाणातून मराठवाड्याने एक गोष्ट घेण्यासारखी आहे. देशातल्याच संस्थेचं, देशात नोंदलेलं, पेरणीचं परवानापत्र मिळालेलं छोटं विमान आता अस्तित्वात आहे आणि एव्हगॅसही देशात बनतं. परदेशातून विमान येईपर्यंत दोन महिने वाट पाहण्याचं कारण त्यामुळे उरत नाही. मराठवाड्यातले बहुतेक कामाचे ढग तळाशी पेरण्याजोगे आहेत, हे बारामती आणि सोलापूरने दाखवलंच आहे. त्यासाठी साधं २०६ पुरतं. माथ्यावर जायचंच असेल तर टर्बोचार्जरवालं घ्यावं.

मंत्रिमंडळ पुढच्या वेळी कृत्रिम पावसाला कोटींची मंजुरी देईल, तेव्हा जालन्याच्या वाचकांनी आकड्यापाशी थांबू नये. विमान जूनच्या कोणत्या तारखेला धावपट्टीवर उभं राहणार, हे विचारावं. कोणते ढग मुद्दाम न पेरता सोडणार, आणि मंडळनिहाय पाऊस कोण मोजणार, हेही विचारावं. याची उत्तरं लेखी मिळत नसतील, तर तो पैसा कडवंचीसारख्या पुढच्या गावाच्या बांधबंदिस्तीला मागावा.